ऑनलाइन नसलेल्या वृद्ध खातेदाराला बँकेकडून कोणत्या सोयी हक्काने मागता येतात?

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार. माझी आई ७९ वर्षांची असून सातारा जिल्ह्यातील एका खेड्यात ती एकटी राहते. वडील पाटबंधारे खात्यात होते. त्यांच्या पश्चात आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते आणि तिचा सगळा खर्च त्यावर चालतो. वडिलांचे खाते ज्या शाखेत अनेक वर्षे होते, ती गावातली शाखा बँकांच्या विलीनीकरणानंतर बंद झाली आणि खाती तालुक्याच्या शाखेकडे गेली. ती शाखा आमच्या घरापासून अकरा किलोमीटरवर आहे आणि सोयीची एसटी दिवसातून दोनदाच असते.

आईकडे बटणांचा साधा फोन आहे. बँकेचे संदेश इंग्रजीत येतात, ते तिला वाचता येत नाहीत. मात्र तिचा हिशेब चोख आहे. पैसे काढले की घरी येऊन ती जुन्या वहीत तारीख आणि रक्कम लिहिते आणि पासबुक भरून आले की एकेक नोंद वहीशी ताडून पाहते. गेल्या वर्षभरात हेच अवघड होऊन बसले आहे. छपाईचे यंत्र बहुधा बंद असते आणि विचारले की "ॲपवर दिसते" एवढेच उत्तर मिळते. लहान रकमेची स्लिप दिली की एटीएमकडे बोट दाखवले जाते. हात थरथरत असल्यामुळे सही जुळत नाही म्हणून तिची स्लिप दोनदा परत आली. दुसऱ्या वेळी ती पैसे न घेताच परतली आणि दुपारच्या एसटीसाठी थांब्यावर दोन तास बसून राहिली. हे तिने मला सांगितले नाही, शेजारच्या काकूंकडून कळले.

मी पुण्यात नोकरी करतो, त्यामुळे दर महिन्याला जाणे शक्य होत नाही. तिला ऑनलाइन व्हायला न लावता आणि तिचा व्यवहार तिच्या हातातून काढून न घेता बँकेकडून कोणत्या सोयी मागता येतील, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पश्चिमवारा

आपली तळमळ समजते, पण सोपा उपाय तुमच्या हातात आहे. आईंच्या खात्याचे ॲप तुमच्या फोनवर घ्या, दर महिन्याला पैसे गावातल्या दुकानदाराच्या खात्यावर पाठवा आणि त्याच्याकडून आईंना रोख मिळू द्या. आमच्याकडे दोन वर्षे असेच चालू आहे आणि हेलपाटे पूर्ण थांबले आहेत.

कृष्णाकाठ

सुचवल्याबद्दल आभार. हा विचार आम्ही केला होता आणि आईनेच तो नाकारला. तिचे शब्द असे होते, "माझे पैसे मला दिसले पाहिजेत, आणि ते कुणाकडे मागायची वेळ माझ्यावर येऊ नये." मला तिचे म्हणणे पटते. शिवाय तिचा पासवर्ड मी वापरणे बँकेच्या नियमात बसत नाही आणि उद्या काही गोंधळ झाला तर ती एकटी पडेल.

निवृत्त_शाखाधिकारी

एका सरकारी बँकेत ३१ वर्षे नोकरी करून, त्यातली शेवटची नऊ वर्षे ग्रामीण शाखा सांभाळून मी निवृत्त झालो. आपण विचारलेल्या बहुतेक गोष्टींसाठी लेखी आदेश आहेत. अडचण एवढीच की काउंटरवर नव्याने आलेल्या कर्मचाऱ्याला ते ठाऊक नसतात आणि खातेदार तोंडी विनंती करून परत जातो. म्हणून माझा पहिला सल्ला असा की जे मागायचे ते कागदावर मागावे, अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात आणि एका प्रतीवर आवक शिक्का, तारीख व सही घेऊन ती घरी जपून ठेवावी. तोंडी विनंतीची बोळवण करता येते. शिक्का मारलेल्या अर्जाला मात्र कुणाला तरी उत्तर द्यावेच लागते.

रिझर्व्ह बँकेने ९ नोव्हेंबर २०१७ रोजी ज्येष्ठ नागरिक आणि दिव्यांग खातेदारांसाठी व्यापारी बँकांना एक परिपत्रक पाठवले आहे. आपल्या अर्जात त्याचा तारखेसह उल्लेख करावा. सत्तर वर्षांवरील आणि आजारी किंवा दिव्यांग खातेदारांच्या घरी जाऊन रोख रक्कम व धनादेश पावती देऊन स्वीकारणे, खात्यातून काढलेली रक्कम घरी पोचवणे, केवायसीची म्हणजे ओळख पटवण्याची कागदपत्रे आणि हयातीचा दाखला घरूनच घेणे, अशा मूलभूत सेवा बँकांनी द्याव्यात, असे त्यात सांगितले आहे. आपल्या मातोश्रींचे वय पाहता त्यांना स्वतंत्र पात्रता सिद्ध करण्याची गरजच नाही. सरकारी बँकांनी सप्टेंबर २०२० मध्ये यासाठी सामाईक घरपोच सेवा सुरू केली, पण तिचा भर शहरांवर होता. खेड्यात शाखेलाच आपला माणूस किंवा बँक मित्र, म्हणजे गावात बँकेच्या वतीने व्यवहार करणारा प्रतिनिधी, पाठवावा लागतो. शाखा अकरा किलोमीटरवर असताना मनुष्यबळ नसल्याचे कारण पुढे केले जाईल, तेव्हा महिन्यातला एक ठरावीक दिवस आपणच सुचवावा. शाखाधिकारी म्हणून मला अशा अर्जांचा राग कधी आला नाही. उलट दिवस ठरलेला असला की माणूस पाठवणे सोपे जाई. शुल्क बँकेगणिक वेगवेगळे असते, ते आधी विचारून घ्यावे.

त्याच परिपत्रकानुसार बचत खात्यावर वर्षाला २५ धनादेश विनामूल्य मिळतात आणि धनादेश पुस्तिकेसाठी खातेदाराने स्वतः शाखेत आलेच पाहिजे असा आग्रह बँकेला धरता येत नाही. पासबुक हा तर वैयक्तिक बचत खातेदाराचा हक्कच आहे. ॲपवर नोंदी दिसतात म्हणून तो संपत नाही. यंत्र बंद असेल तर काउंटरवर छापून द्यावे, अन्यथा खाते उतारा द्यावा, असे अर्जात स्पष्ट लिहावे.

सहीबाबत घाबरू नये. वयोमानाने सही बदलते, आणि त्यासाठी नवीन नमुना सही देण्याची सोय आहे. एकदा अधिकाऱ्यासमोर सध्याच्या हाताने सही करून ती नोंदवून घ्यावी. पुढे सही करणेच अशक्य झाले तर अंगठ्यावर पैसे काढता येतात. त्यासाठी बँकेच्या ओळखीचे दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात आणि त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. अंथरुणाला खिळलेल्या एका आजोबांचा अंगठा घ्यायला मी स्वतः त्यांच्या घरी गेलो होतो. हाताला लकवा असल्याने पायाचा अंगठा घेतला. नियमात तोही चालतो.

माणदेशी

वरील उत्तर अत्यंत उपयुक्त आहे. त्यात बँक मित्राचा उल्लेख आला, म्हणून अनुभवाने एक सावधगिरी सुचवते. माझ्या सासूबाईंचा जन्म खुरपणीत आणि ज्वारीच्या काढणीत गेला. बोटांवरच्या रेषा पार झिजल्या आहेत, त्यामुळे यंत्रावर अंगठा उमटत नाही. एकदा बँक मित्राच्या केंद्रावरच्या मुलाने तीनदा अंगठा लावून घेतला, तिन्ही वेळा व्यवहार झाला नाही म्हणून सांगितले आणि त्या रिकाम्या हाताने घरी आल्या. पंधरा दिवसांनी पासबुक भरले तेव्हा त्यांपैकी एका वेळेचे दोन हजार वजा झालेले दिसले. त्या मुलाने लबाडी केली असे मी म्हणणार नाही, कारण पैसे यंत्रणेत अडकले होते असे पुढे निघाले. पण पावती हातात नसल्यामुळे ते परत मिळवायला दीड महिना गेला. म्हणून व्यवहार होवो वा न होवो, प्रत्येक वेळी छापील पावती मागावी. आधार क्रमांक आणि अंगठ्यावर होणाऱ्या या व्यवहारात पिन नसतो, अंगठा हीच किल्ली असते आणि तिने एका वेळी १०,००० रुपयांपर्यंत रक्कम निघू शकते, हे आपल्या आईंना नीट समजावून सांगावे.

निवृत्त_शाखाधिकारी

माणदेशी ताईंनी फार महत्त्वाचा मुद्दा मांडला. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या आदेशानुसार एटीएम किंवा मायक्रो एटीएमवर, म्हणजे बँक मित्राकडच्या छोट्या यंत्रावर, खात्यातून रक्कम वजा होऊन रोख हाती आली नाही, तर बँकेने पाच दिवसांच्या आत ती स्वतःहून परत जमा करावी लागते आणि त्यापुढील प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. आपल्या सासूबाईंना ती मिळाली नसेल तर अर्ज करून मागावी.

तक्रारीचा मार्गही सांगून ठेवतो. बँकेला लेखी तक्रार दिल्यावर ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्यासाठी इंटरनेट लागत नाही. ठरलेल्या नमुन्यातील तक्रार टपालाने रिझर्व्ह बँकेच्या चंदीगड येथील तक्रार केंद्राकडे पाठवता येते आणि १४४४८ या दूरध्वनी क्रमांकावर मराठीतही माहिती मिळते. शुल्क काहीही नाही. आधी बँकेकडे तक्रार केल्याचा पुरावा मात्र लागतो. आवक शिक्क्याचा आग्रह मी धरतो तो त्याचमुळे.

कृष्णाकाठ

उशिरा लिहितो आहे, क्षमस्व. मागच्या महिन्यात रजा घेऊन गावी गेलो आणि आईला घेऊन शाखेत गेलो. अर्ज मराठीत लिहिला होता आणि त्यात नमुना सही, पासबुक व घरपोच सेवा या तिन्ही मागण्या केल्या होत्या. खिडकीवर सुरुवातीला "असे काही नसते" हेच ऐकावे लागले. परिपत्रकाची तारीख दाखवल्यावर आम्हाला आत बोलावले. शाखाधिकारी बाईंनी अर्ज शांतपणे वाचला, आईला बसायला खुर्ची दिली आणि नवीन नमुना सही तिथेच घेतली. आईने ती करायला बराच वेळ लावला, पण कुणी घाई केली नाही. दर महिन्याचा दुसरा मंगळवार ठरला आहे.

काल या सेवेचा पहिलाच मंगळवार होता. आईने संध्याकाळी फोनवर सगळे सविस्तर सांगितले. बँकेचा माणूस अकराच्या सुमारास आला. तिने त्याला ओटीवर बसवून नोटा दोनदा मोजल्या, पावतीवरची रक्कम मोठ्याने वाचून घेतली आणि वहीत लिहिल्यावर मगच चहा ठेवला. पासबुक छापून आणायला तो घेऊन गेला आहे. ते नेल्याची पावतीसुद्धा तिने त्याच्याकडून लिहून घेतली.