वास हुर्राकाचा नव्हता

सत्तरीची_मावशी
माझा भाचा, वय 21, टाइप 1 मधुमेह. बारा वर्षांचा असल्यापासून इन्सुलिनवर. काजूच्या हंगामात वाळपईला आमच्याकडे आला आणि दुसऱ्याच दिवशी उलट्या सुरू झाल्या. पेजसुद्धा पोटात राहीना. मीच म्हटलं, जेवत नाहीस तर इंजेक्शन नको, साखर उतरेल. दोन दिवस बंद ठेवलं. तिसऱ्या सकाळी लांब-लांब श्वास, जीभ कोरडी, बोलणं असंबद्ध आणि तोंडाला गोडसर उग्र वास. घरामागेच हुर्राकाची, म्हणजे काजूच्या दारूची भट्टी. हे म्हणाले, "पोराने रात्री हुर्राक मारलाय, लिंबूपाणी द्या, झोपू दे." मीटरवर आकडा येईना, नुसतं 'हाय'. मला वाटलं मशीन बिघडलं. दोन तास असेच गेले, मग 108 बोलावली. आता बांबोळीला आयसीयूत आहे, शुद्धीवर आलाय.
पण साखर उतरली तरी इन्सुलिनची ड्रिप चालूच, वर ग्लुकोजचं सलाइन! हे उफराटं कसं?

निवृत्त_सिस्टर_फोंडा
उफराटं नाही. इन्सुलिन नसलं की शरीर चरबी जाळतं, त्यातून कीटोन होतात, रक्त आंबट होतं. तो वास कीटोनचा. साखर आधी उतरते, आंबटपणा मागाहून. तो जाईपर्यंत इन्सुलिन लागतंच, म्हणून साखर फार खाली जाऊ नये यासाठी ग्लुकोज. इन्सुलिनने रक्तातलं पोटॅशियमही घसरतं, हृदयाची लय बिघडू शकते. हे घरी सांभाळायचं काम नव्हे. आणि 'हाय' म्हणजे मशीनच्या मोजण्यापलीकडची साखर!

पेन_खिशात
मीही टाइप 1. आजारपणात शरीराला उलट जास्त इन्सुलिन लागू शकतं. लांब पल्ल्याचं मी कधीच बंद करत नाही, जेवणाआधीचं किती घ्यायचं ते डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलंय. दर तीन-चार तासांनी साखर, लघवीत कीटोनची पट्टी. उलटी थांबेना की थेट इस्पितळ.

डिचोलीकर
माझ्या बाबांना टाइप 2, डापाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची गोळी चालू. साखर 190, तरी कीटोन भरपूर. त्या गोळ्यांत असं होऊ शकतं म्हणे. आकडा बघून आम्ही निर्धास्त होतो.

सत्तरीची_मावशी
सिस्टर, आता कळलं. आज भाच्याने पेज मागितली, सोबत खारातली तोरं, म्हणजे कोवळ्या कैऱ्याही हव्यात म्हणे. यांनी काल त्याची माफी मागितली. मी अजून मागितली नाही, धीर होत नाही.