ब्रेक पॅडबरोबर डिस्कही बदलायची का? माझं मत : आधी जाडी सांगा

चौथा_गिअर (धागाकर्ता)
गाडी सर्व्हिसला टाकली की दुपारी एक फोन हमखास येतो. "सर, पुढचे पॅड संपलेत, डिस्कलापण लाइनी पडल्यात. दोन्ही टाकून देऊ?" आपण मीटिंगमध्ये असतो, "टाका" म्हणतो, आणि संध्याकाळी बिल तिप्पट होऊन हातात पडतं.

नवख्यांसाठी : डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी, पॅड म्हणजे ब्रेक मारल्यावर तिला दोन्ही बाजूंनी आवळणारे घासपट्टे. माझं म्हणणं सरळ आहे. लाइनी पडल्यात हे डिस्क बदलायचं कारणच नाही. नखाला जेमतेम जाणवणारी रेघ नवे पॅड थोड्या दिवसांत आपल्या अंगाने जुळवून घेतात. विचारायचा प्रश्न एकच, जाडी किती उरलीय? डिस्कच्या मधल्या टोपीवर किंवा बाहेरच्या कडेवर किमान जाडीचा आकडा दिलेला असतो. तारेच्या ब्रशने गंज काढला की दिसतो. बहुतेक छोट्या गाड्यांच्या पुढच्या डिस्कमध्ये नवी जाडी आणि किमान जाडी यांत दोनेक मिलिमीटरचाच फरक असतो, त्यामुळे "बघून कळतं" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

आणि मोजायचं ते मायक्रोमीटरने, म्हणजे बारीक टोकांच्या स्क्रूच्या मापाने. पॅड जिथे पोचत नाही तिथे डिस्कच्या टोकाला न झिजलेला काठ उरतो. साधा व्हर्नियर त्या काठावर बसतो आणि जाडी आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो. गोलाकार सहा-आठ ठिकाणी माप घ्यायचं आणि सगळ्यांत कमी निघेल ते खरं धरायचं.

आकडा न सांगता डिस्क विकणाऱ्याला माझा नकार. बोला.

खोपोलीचा_टूरवाला
साफ असहमत. साहेब, तुम्ही जी किमान जाडी म्हणताय ती डिस्क फेकून द्यायची जाडी आहे, नवे पॅड चढवायची नाही. आज किमानच्या वर पाव मिलिमीटर शिल्लक आहे म्हणून जुन्या डिस्कवर नवे पॅड टाकले, तर पॅड अर्धे व्हायच्या आत डिस्क खाली जाते. मग परत चाक काढा, परत मजुरी द्या, आणि मधले चार महिने पातळ डिस्कवर घाट उतरा. माझ्याकडच्या गाड्यांना एक आड एक पॅडच्या सेटला डिस्क बदलतो. मोजत बसत नाही. गाडी उभी राहिली की धंदा उभा राहतो.

चौथा_गिअर
मुद्दा बरोबर, निष्कर्ष चूक. उरलेली जाडी आणि झिजेचा वेग, दोन्ही बघा की. दोन सेटमध्ये मिळून ०.८ मिलिमीटर गेली असेल, तर पुढच्या सेटला साधारण ०.४ जाणार. किमानच्या वर ०.९ शिल्लक असेल तर निवांत चालवा, ०.३ असेल तर बदला. हे दोन मिनिटांचं गणित आहे. "एक आड एक" हा तुमच्या घाटाचा आणि तुमच्या ड्रायव्हरांच्या पायाचा नियम झाला. नाशिकात मुलांना शाळेत सोडणाऱ्या बाईंनी तो का पाळावा?

हिशोबी
टूरवाल्यांची भीती किती खरी ते आकड्यात बघू. माणसांसकट १२०० किलोची गाडी १०० च्या वेगातून थांबवली की सुमारे ४६० किलोज्यूल उष्णता तयार होते. लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना उंची साडेपाचशे मीटरच्या आसपास कमी होते. ती सगळी ऊर्जा ब्रेकने खायची म्हटली तर ६५०० किलोज्यूलच्या जवळ जाते. म्हणजे शंभरच्या वेगातून लागोपाठ चौदा वेळा गाडी थांबवल्यासारखं.

आता ही उष्णता आधी जिरते कुठे? डिस्कच्या लोखंडात. व्हेंटिलेटेड डिस्कची जाडी २० मिलिमीटर असली तरी मधे हवेच्या फटी असतात, भरीव बीड त्याहून बरंच कमी. त्यातून दोन मिलिमीटर गेलं म्हणजे उष्णता साठवणारा माल दहा टक्क्यांहून जास्त घटला. तेवढ्याच ब्रेकला डिस्क जास्त तापणार. किमान जाडीच्या आकड्यामागे हे एक मोठं कारण आहे, तो कंपनीने उगाच छापलेला नाही.

चौथा_गिअर
हिशोब मान्य, पण सगळी ऊर्जा ब्रेकने खायची हे गृहीतकच घाटात चुकीचं आहे. तिसऱ्या-दुसऱ्या गिअरात उतरलं तर बराच भार इंजिन घेतं. न्यूट्रलमध्ये घाट उतरणाऱ्याला नवी डिस्कसुद्धा पुरी पडणार नाही. आणि त्याचा ब्रेक फेल झालाच तर डिस्कआधी ब्रेक ऑइल बघा. डॉट ३ दर्जाचं ऑइल ताजं असताना किमान २०५ अंशांपर्यंत तग धरतं, पाणी शोषल्यावर ती हमी १४० वर येते. ते उकळलं की पेडल सरळ तळाला. डिस्कवर सहा हजार घालणारे लोक ऑइल वर्षानुवर्षं बदलत नाहीत, ते कसं चालतं?

बीडकाम
लेथवाल्यांना कुणी विचारतच नाही! डिस्क काढून आणा, दोन्ही बाजूंना फेस मारून (लेथवर पातळ थर खरवडून सपाट करून) देतो, नव्या डिस्कच्या मानाने किरकोळ खर्चात आरशासारखी करून देतो. माझ्या वडिलांपासून हे काम चालू आहे. कंपनीवाले "टर्निंग चालत नाही" म्हणतात कारण त्यांना डिस्क विकायची असते.

रनआऊट
वडिलांच्या काळच्या डिस्कमध्ये काढायला माल होता, भाऊ. आता दोन मिलिमीटरच्या खेळात अर्धा झिजेने गेला, उरलेल्यातला तुम्ही लेथवर काढला, तर नव्या पॅडला उरलं काय?

दुसरं, लोक फेस मारून घेतात ते ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरतं म्हणून. "डिस्क वाकडी झाली" असं सरसकट म्हणतात. बहुतेक वेळा ती वाकलेली नसते, तिची जाडी जागोजागी कमीजास्त झालेली असते, नाहीतर पॅडचा माल एखाद्या ठिकाणी चिकटून बसलेला असतो. हे होतं कसं? हबच्या (डिस्क आणि चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या) तोंडावर गंज किंवा कचरा राहिला, त्यावरच डिस्क बसवली, की ती फिरताना किंचित डुलते. एका मिलिमीटरचा दहावा भागसुद्धा जास्त झाला. डुलणारी बाजू दर फेरीला पॅडला घासते आणि काही हजार किलोमीटरांत थरथर सुरू. हब न घासता नवी कोरी डिस्क टाकली तरी तेच होणार. मग डिस्क बनवणाऱ्याच्या नावाने शिव्या.

बीडकाम
हब घासायला आम्ही नाही म्हटलं का? आणि किमानच्या खाली जात असेल तर मी स्वतः गिऱ्हाइकाला परत पाठवतो. जुन्या जीपगाड्या, टेम्पो, ज्यांच्या डिस्क सहज मिळत नाहीत, त्यांचं काय करायचं ते सांगा.

रनआऊट
त्यांच्यासाठी लेथ ठीक. फक्त फेस मारल्यावर जाडी लिहून द्या. तेवढं केलंत तर माझी तक्रार नाही.

खारं_वारं (रत्नागिरी)
तुम्ही सगळे घाटावरचे, झिजेवरच भांडताय. आमच्याकडे डिस्क झिजून मरत नाही, गंजून मरते. पावसाळ्यात गाडी तीन आठवडे उभी राहिली की डिस्कवर पॅडचा ठसा उमटतो. वरवरची लाली दोन ब्रेकांत जाते, तिला घाबरू नये. पण खड्डे पडले, कडेचे पापुद्रे सुटायला लागले, आतल्या फटींत गंजाचे थर साचले, तर मायक्रोमीटर काय वाटेल तो आकडा दाखवो, डिस्क गेली. मेहुण्यांच्या गाडीची आतली बाजू अशी खाल्ली होती आणि बाहेरून डिस्क चकचकीत! चाकाच्या जाळीतून बघून "ठीक आहे" म्हणणारे मेकॅनिक इथे ढीगभर.

इलेक्ट्रिक गाड्यांत हे आणखी वाढणार. मोटरच गाडी हळू करते, पॅड डिस्कला लागतात कमी, गंज घासला जातच नाही.

चौथा_गिअर
हा मुद्दा माझ्या नियमात बसत नव्हता, जोडून घेतो. खड्डे, पापुद्रे किंवा कडेपर्यंत गेलेली चीर दिसली तर जाडी न बघता बदला. आतली बाजू बघायचीच. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा खूप जास्त झिजला असेल तर कॅलिपरच्या (पॅड धरून डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना अडकल्यात का तेही तपासा, नाहीतर नवी डिस्कपण तशीच जाईल.

श्टुटगार्टकर
इथे जर्मनीत बरीच गॅरेजं जुन्या डिस्कवर नवे पॅड टाकायला तयारच होत नाहीत. मजुरी इतकी महाग की परत उघडायचं परवडत नाही, शिवाय हिवाळ्यात रस्त्यावर मीठ. टूरवाल्यांचं अर्थशास्त्र बरोबर आहे, फक्त ते पुण्याच्या मजुरीला लागू करू नका.

दुचाकी_विभाग
बाइकवाल्यांसाठी घाईत : तिथे मुळात डिस्क चार-पाच मिलिमीटरची. लेथचा विचारही नको, किमान आकडा आला की बदला.

नवशिका_वसई
धागा वाचून गॅरेजमध्ये उभा राहून मोजून घेतली. डिस्कवर किमान १८ लिहिलंय, नवी २० ची. सगळ्यांत कमी माप १८.४. आतापर्यंत पॅडचे दोन सेट झाले. रोज वसई-ठाणे, वर्षातून दोनदा महाबळेश्वर. खड्डे, चिरा नाहीत. काय करू?

खोपोलीचा_टूरवाला
बदला.

चौथा_गिअर
बदला. दोन सेटमध्ये १.६ गेली, म्हणजे सेटला ०.८. तिसरा सेट अर्ध्यावर आला की तुम्ही १८ च्या खाली.

खोपोलीचा_टूरवाला
मी गणित न करता तेच सांगितलं.

चौथा_गिअर
१९.२ असती तरी तुम्ही तेच सांगितलं असतं, भांडण तिथे आहे.

नवशिका, दोन्ही बाजूंच्या डिस्क जोडीनेच टाका. नव्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेलाचा थर असतो, तो ब्रेक क्लीनरने पुसून मगच पॅड लावा. गाडी हातात आल्यावर मोकळ्या रस्त्यावर साठवरून वीसवर, पूर्ण न थांबता, मध्यम ब्रेकने वीसेक वेळा वेग उतरवा, मधे मधे डिस्क गार होऊ द्या. आणि जुन्या डिस्क परत मागा.

बीडकाम
जुन्या डिस्कचं काय करणार? ०.४ वर मीही फेस मारणार नाही.

चौथा_गिअर
भंगारात देणार. पण बदलल्या की नाही ते तरी कळेल.