विक्रांत दाखल झाली, झाला की झालं?

लालबागकर_आई
नमस्कार मंडळी, घरात तीन दिवस वाद चाललाय आणि मला खरंच उत्तर हवंय. मुलगी चौथीत आहे, निबंधात तिने लिहिलं "नवी विक्रांत २ सप्टेंबर २०२२ ला नौदलात दाखल झाली". बाईंनी "झाली"ला लाल पेनाने गोल करून वर "झाला" लिहिलं आणि अर्धा मार्क कापला, म्हणे विक्रांत हे पुल्लिंगी नाव. माझे बाबा जुन्या विक्रांतवर होते, त्यांनी चष्मा लावून वही बघितली आणि म्हणाले दोन्ही चूक, जहाज आहे ना ते, मग "दाखल झालं" पाहिजे. आता हेच बाबा, २०१४ साली जुनी विक्रांत दारूखान्यात (मुंबईतली जहाजं तोडायची जागा) तोडायला घेतली तेव्हा पेपर बाजूला ठेवून "गेली बिचारी" म्हणाले होते, मी माझ्या कानांनी ऐकलंय, पण ते आठवत नाही म्हणतायत. अर्ध्या मार्काचं सोडा हो, पण पोरीने शिकायचं काय? जाणकारांनी सांगा प्लीज.

मार्वे_रोड
ताई, लेकीचं बरोबर आहे. नाव काय ठेवलंय त्यावर नाही, ते कशाला ठेवलंय त्यावर बघायचं. सीएसएमटीला सोलापूरची गाडी फलाटाला लागली की आपण "सिद्धेश्वर आली"च म्हणतो, देव पुल्लिंगी असला तरी, कारण मनात गाडी असते. "विदर्भ सुटली" म्हणतो, "विदर्भ सुटला" म्हटलं तर भलताच अर्थ होईल. तसंच युद्धनौका मनात धरली की "झाली". जहाज मनात धरलं की "झालं", म्हणजे बाबांचंही बरोबर, आणि २०१४ ला ते म्हणाले तेही बरोबर. "झाला" मात्र कशातच बसत नाही. आमच्या मार्व्याला आयएनएस हमला आहे, ते जहाज नाही, जमिनीवरचा तळ आहे (नौदल किनाऱ्यावरच्या तळांनाही जहाजासारखंच आयएनएस लावतं), तिथे तळ मनात धरून "हमला उभा राहिला" म्हटलं तर चालेल. विक्रांतला नाही. बाईंना जाऊन भेटाच.

उरणकर
नियम पटला पण आमच्याकडे मनात ना नौका असते ना जहाज, असते बोट. आजीपासून सगळे "पोरगा बोटीवर आहे" असंच म्हणतात मग ते तीनशे मीटरचं टँकर का असेना. नौदलातल्या माणसासमोर म्हणून बघा, लगेच सांगतो बोट म्हणजे जहाजावर चढवून ठेवता येते ती. आणि मग पाणबुडीवाल्यांना विचारा, ते आपल्या पाणबुडीला अभिमानाने बोटच म्हणतात!

पण मला जास्त राग "नेव्हीत आहे"चा येतो. स्थळाच्या वेळी मध्यस्थ सांगतो मुलगा नेव्हीत आहे, मुलीकडचे पांढरा युनिफॉर्म आणि पेन्शन डोळ्यापुढे आणतात, आणि घरी गेल्यावर कळतं मर्चंट नेव्ही. नोकरी उत्तमच आहे, मी स्वतः त्यातलाच, पण आम्ही माल वाहतो, देशाचं आरमार नाही ते. एका शब्दावरून बैठक मोडलेली मी पाहिलीय, चहा तसाच राहिला. कॅप्टनचं पण तेच, नौदलातला कॅप्टन हा लष्करातल्या कर्नलच्या बरोबरीचा, आणि लष्करातला कॅप्टन म्हणजे नौदलातला लेफ्टनंट. वर जहाज ज्याच्या हाताखाली, तो हुद्द्याने कमांडर असला तरी जहाजावर त्याला कॅप्टनच म्हणतात.

गिरगाव_चौपाटी
माझी तक्रार बातम्यांवर आहे. "आयएनएस जहाज" काय लिहिता रे? आयएनएस मधला एस म्हणजे शिपच. गाईचं गोमूत्र आणि पिवळा पीतांबर तसं झालं हे. दुसरं "ताशी २८ नॉट". नॉटमध्ये तास आधीच आहे, एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. विक्रांतचा वेग २८ नॉट म्हणजे तासाला साधारण ५२ किलोमीटर, बस. पूर्वी दोरीला ठराविक अंतरावर गाठी मारून ती जहाजामागे पाण्यात सोडायचे आणि वाळूचं घड्याळ रिकामं होईपर्यंत हातातून किती गाठी गेल्या ते मोजायचे, म्हणून नॉट. इतका सुंदर शब्द आहे, त्याला ताशी जोडून बिघडवू नका.

आणि लाल गोल करणाऱ्या बाईंना हेही विचारा की "नौदल" नपुंसकलिंगी, "नौसेना" स्त्रीलिंगी, मग काय करणार? मराठीत नौदल हाच शब्द आहे, हिंदीतून नौसेना आणायची गरजच नाही. नाहीतर आपलं आरमार आहेच, तेही पोर्तुगीजांच्या आर्माडावरून आलेलं, पण साडेतीनशे वर्षं आपल्याकडे राहून आता घरचंच झालंय.

लालबागकर_आई
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बाबांना सिद्धेश्वरचं वाचून दाखवलं, ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले आम्ही जहाजावर इंग्रजीत तिला "शी"च म्हणायचो, तेव्हा झाली चालेल. स्वतःच "तिला" म्हणाले, ऐकलंत ना! वहीत त्यांनी "झाली"खाली पेन्सिलने बरोबरची खूण केली, सोमवारी मी वही घेऊन बाईंना भेटतेय.

पण लेक बाजूलाच बसून ऐकत होती, तिने आता नवीन काढलंय. गाडी फलाटाला लागली म्हणजे येऊन उभी राहिली, आणि मागच्या महिन्यात भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाताना आईला बोट लागली म्हणजे उलट्या झाल्या, मग बोट धक्क्याला लागली तर उलट्या कोणाला झाल्या? बाबा म्हणाले हे त्या लोकांनाच विचार. तर विचारतेय, सांगा.