माउंटनबोर्डचा डेक स्वतः बनवणाऱ्यांनी आपले अनुभव लिहावेत

अंबाझरीकर :
परवा लकडगंजातल्या एका वखारीत खिडकीच्या चौकटीसाठी लाकूड पाहायला गेलो असता कोपऱ्यात बर्चचे दीड मिलिमीटर जाडीचे तक्ते रचून ठेवलेले दिसले आणि मित्रांच्या साथीने बनवलेला माउंटनबोर्डचा सात थरांचा डेक, म्हणजे पाय ठेवून उभे राहायची फळी, आठवला. मोठ्या पतंगाच्या ओढीने हवेच्या चाकांवर मैदानभर धावण्याचा हा खेळ आपल्याकडे मोजकीच मंडळी खेळतात, त्यामुळे प्रत्येकाचे शहाणपण ज्याच्या त्याच्या गच्चीवरच राहते. ते इथे एकत्र यावे, एवढाच हेतू आहे.

सुरुवात माझ्या मतापासून करतो. बाजारात मिळणारे बहुतेक डेक डोंगरउतारासाठी घडवलेले असतात. उतारावर माणूस दोन्ही बाजूंना आलटूनपालटून झुकतो. पतंगामागे मात्र तो टाचांवर रेलून बराच वेळ एकाच कडेवर भार ठेवतो. म्हणून डेक किती वाकतो यापेक्षा किती पिळला जातो, हे आधी पाहावे. दोन्ही टाचा सारख्या दाबल्या तर पायांमधल्या भागाला फारसा पीळ बसत नाही. तो बसतो बाइंडिंगपासून (पाय अडकवायचे पट्टे) ट्रकपर्यंतच्या (टोकाखालचा, चाकांचा आस धरणारा सांधा), म्हणजे वर उचललेल्या टोकांच्या भागाला. लांबीच्या दिशेने टाकलेले ग्लास फायबरचे तंतू वाकण्याला विरोध करतात, पिळाला फारसा नाही. त्यासाठी पंचेचाळीस अंशांत तंतू असलेले कापड लागते आणि ते थेट टोकांपर्यंत न्यावे लागते, कारण ते वळणाआधीच संपवले तर नेमके तिथेच लाकूड उकलते.

रंधा_पटाशी :
तयार प्लायवूड का वापरू नये, असे पुष्कळ जण विचारतात. मरीन प्लायचा चिकटा पाण्यात टिकतो हे खरे, पण त्यात एकाआड एक थर आडवा असतो आणि डेकला बळ हवे असते लांबीच्या दिशेने. शिवाय तयार सपाट प्लाय टोकांशी वळत नाही. पातळ तक्ते साच्यात दाबून चिकटवण्याला पर्याय नाही.

साच्यातून काढल्यावर डेक थोडा उलगडतो. याचे गणित सोपे आहे : सारख्या जाडीचे जितके थर, त्या संख्येच्या वर्गाने वळण भागले की उलगडण्याचा अंदाज मिळतो. तीन जाड थर घेतले तर वळणाचा नववा भाग परत जातो. सात घेतले तर एकोणपन्नासावा. म्हणजे साच्यात टोकाचा कोन ३० अंश असेल तर पहिल्या डेकमध्ये तीन अंशांहून अधिक हरवतात आणि दुसऱ्यात ते पट्टीवर दिसतही नाहीत. जाडीबाबतही हात आखडता ठेवावा. कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. १० मिलिमीटरचा डेक १२ मिलिमीटरचा केला की वजन वीस टक्के वाढते, कडकपणा मात्र सत्तर टक्क्यांहून जास्त.

वैदर्भीय माणसाला सागवानाचा मोह होतोच. सागात नैसर्गिक तेल असल्यामुळे इपॉक्सी, म्हणजे राळेत हार्डनर मिसळून घट्ट होणारा चिकटा, नीट धरत नाही; अॅसिटोनने पुसून लगेच चिकटवला तर चालतो. माझ्या मते साग दारांसाठीच ठेवावा.

हिंगणा_शेड :
सर्वांनी लाकडावर लिहिले, पण नागपुरात खरा प्रश्न उन्हाचा आहे. इपॉक्सीत हार्डनर मिसळल्यावर हाताशी जो वेळ असतो, तो तापमान दहा अंशांनी वाढले की साधारण निम्मा होतो. पंचवीस अंशांना अर्धा तास देणारे मिश्रण मे महिन्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये दहा मिनिटांतच घट्ट होऊ लागते, आणि ते खोल भांड्यात तसेच ठेवले तर स्वतःच्या उष्णतेने धुरावते. पसरट ट्रेमध्ये थोडे थोडे मिसळावे आणि काम पहाटे उरकावे. डिसेंबरच्या रात्री उलट त्रास होतो. पारा दहा अंशांजवळ आला की थर दुसऱ्या दिवशीही चिकट लागतात.

नेहमीच्या तापमानाला सुकलेले इपॉक्सी साधारण पन्नास-साठ अंशांच्या पुढे मऊ पडू लागते, ही गोष्ट थंड देशातल्या मंडळींना क्वचितच जाणवत असेल. आपल्याकडे मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेला काळा डेक सहज तितका तापतो. माझ्या ओळखीच्या एका मुलाच्या डेकचा मधला उंचवटा असाच बसला आणि फळी सरळ झाली. उपाय दोन आहेत : वरून पांढरा रंग द्यावा, आणि साच्यातून काढण्याआधी डेक साच्यासकट हळूहळू तापवून पक्का करून घ्यावा. त्यासाठी ओव्हन शोधत बसण्याची गरज नाही. आपली पत्र्याची शेड एप्रिलपासून फुकट सेवेत असते.

सक्करदऱ्याची_काकू :
मी स्वतः फळीवर उभी राहत नाही. माझा मुलगा आणि त्याचे मित्र राहतात. त्यांच्या निर्वात पंपासाठी आमच्या जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर गेला, हे मला तो सुरू झाल्यावर कळले. प्लास्टिकच्या पिशवीत डेक घालून हवा ओढली की दाबायला वजन लागत नाही, असे त्यांनी सांगितले तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. मग मुलाने हिशेब मांडला : एक मीटर लांब आणि चोवीस सेंटिमीटर रुंद फळीवर, पंपाने ऐंशी टक्के हवा काढली तरी, जवळजवळ दोन टनांचा दाब सगळीकडे सारखा पडतो. शिकंज्यांनी दाब फक्त जागोजागी पडतो, हे मलाही पटले.

गच्ची मात्र सरगुंडे, कुरड्या आणि सांडगे यांच्यासाठी आहे. वाळवणाच्या शेजारी इपॉक्सी घासून त्याची धूळ उडवू देणार नाही, असे मी सांगितले आहे, आणि ती धूळ फुप्फुसांसाठी वाईट असते म्हणून मास्कशिवाय घासूही देत नाही.

हिंगणा_शेड :
काकू, आमच्या घरी हाच तह झाला आहे. वाळवण उतरल्याशिवाय साचा वर चढत नाही.

बांबूप्रेमी :
चंद्रपूर-गडचिरोलीचा बांबू इतका जवळ असताना बर्चच्या मागे धावणे मला पटत नाही. बांबूचे सर्वांत बळकट तंतू सालीलगत दाट असतात. आतला भाग भुसभुशीत असतो. म्हणून पट्ट्या काढताना सालीजवळचा भाग राखावा, फक्त वरचा मेणचट गुळगुळीतपणा घासून काढावा, नाहीतर तिथे काहीच चिकटत नाही. पट्ट्या बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडच्या द्रावणात मुरवून पूर्ण वाळवल्या नाहीत तर भुंगा लागतो आणि डेकमधून पिठासारखा भुसा गळू लागतो. बांबूची फळी उडी मारून उतरताना छान लवते. पिळाला ती कच्ची आहे, हे अंबाझरीकरांचे म्हणणे मी मान्य करतो. वरखाली तिरक्या कापडाचा एकेक थर द्यावाच लागतो.

रंधा_पटाशी :
आणि हे सगळे पावसाळ्यात चिकटवू नये. ओल धरलेले लाकूड बंद केले की मे महिन्यात ते आकसते आणि थर सुटतात. दिवाळी ते होळी हाच आपला हंगाम.

नवा_भिडू :
एक शंका आहे. टोकांचा कोन किती ठेवावा, आणि दहा नंबरच्या बुटाला रुंदी किती लागते?

अंबाझरीकर :
स्प्रिंगच्या ट्रकसाठी ३५ अंशांच्या आसपास कोन प्रचलित आहे. कोन जितका उभा, तितकी फळी थोड्या झुकावात जास्त वळते; पतंगाच्या वेगात ते अंगावर येते, म्हणून मी थोडा कमी ठेवतो आणि स्प्रिंग आवळून घेतो. रुंदी चोवीस सेंटिमीटर पुरे. टाच काठाबाहेर किंचित राहिली तर ट्रकवर जोर चांगला मिळतो, फार राहिली तर झुकल्यावर जमिनीला घासते.

बाभळीखाली :
कोन कितीही ठेवा भाऊ, उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या तलावाच्या पात्रात गेलात की बाभळीचे काटे चारही ट्यूबची समान सेवा करतात. मैदान मात्र विजेच्या तारांपासून दूर असलेलेच निवडा. पतंगाच्या दोऱ्या लांब असतात आणि ओल्या झाल्या की धोका वाढतो.

नवा_भिडू :
काटे लक्षात ठेवतो. बाइंडिंगच्या बोल्टांचे काय? माझ्या मित्राच्या फळीतून पुढचे दोन वर उपटून आले.

अंबाझरीकर :
पुढचे म्हणजे बोटांकडचे ना? तेच येणार. टाचांवर रेलले की टाचेकडचे बोल्ट दाबले जातात आणि बोटांकडचे वर ओढले जातात, त्यामुळे त्यांच्याखाली साधी छोटी वॉशर पुरत नाही. रुंद चकती किंवा अॅल्युमिनियमची पट्टी टाकावी. भोक आधी मोठे पाडावे, त्यात घट्ट कालवलेले इपॉक्सी भरावे आणि ते पक्के झाल्यावर बोल्टच्या मापाचे भोक पुन्हा त्यातूनच पाडावे, म्हणजे पाणी लाकडापर्यंत पोहोचत नाही आणि बोल्ट घट्ट करताना तंतू चिरडत नाहीत. साचा हवा असेल तर माझा मोकळा आहे. तक्ते मात्र स्वतः जाऊन, उजेडात धरून, गाठी पाहून निवडा.