अनुभव धागा : व्हेनिसहून तुम्ही काय आणले, आणि ते खरोखर तिथलेच होते का?

शोकेसवाली
दिवाळीची साफसफाई करताना शोकेसमधला काचेचा निळा मासा हाती आला. २०११ साली रिआल्तो पुलाजवळच्या दुकानातून तो घेतला होता आणि गेली कित्येक वर्षे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला मी तो 'मुरानोचा', म्हणजे व्हेनिसजवळच्या काचकामाच्या बेटावरचा, म्हणून दाखवत आले आहे. तळाशी किमतीच्या चिठ्ठीचा चिकट डाग राहिला होता, म्हणून त्यावर खोबरेल तेल चोळले. डाग निघाला, आणि त्याखाली दडलेली आणखी एक चिठ्ठी वर आली, जिच्यावर इटलीऐवजी भलत्याच देशाचे नाव छापलेले होते. भाची शेजारीच उभी असल्यामुळे लपवण्याचीही सोय उरली नाही. पुढच्या मे महिन्यात आम्ही पुन्हा व्हेनिसला जाणार आहोत, तेव्हा या खेपेला फसायचे नाही असे ठरवले आहे. आपापले अनुभव कृपया लिहावेत. फजितीचे असल्यास अधिक आनंद होईल.

भट्टीपाशी
ताई, तुमच्या माशाला आमच्या घरातही एक भाऊ आहे.

मुरानोविषयी थोडे सविस्तर लिहितो. आगीच्या भीतीने व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने १२९१ मध्ये काचेच्या भट्ट्या शहरातून हलवून या बेटावर नेल्या आणि तेव्हापासून तिथे हे काम चालू आहे. आम्ही पहिल्या खेपेला हॉटेलवाल्याने देऊ केलेल्या 'फुकट' बोटीने गेलो. कारागिराने भट्टीतून काढलेल्या लालभडक गोळ्याला चिमट्याने चार-सहा हिसके देऊन बघता बघता उधळलेला घोडा उभा केला, तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. पण त्यानंतर आम्हाला ज्या दालनात नेले, तिथून काही न घेता बाहेर पडणे हे मुलीच्या सासरहून न जेवता निघण्याइतके अवघड होते. दुसऱ्या खेपेला फोंदामेन्ते नोवे धक्क्यावरून साध्या प्रवासी बोटीने गेलो, आधी काचेचे संग्रहालय पाहिले आणि मग छोट्या कार्यशाळा धुंडाळल्या. 'वेत्रो आर्तिस्तिको मुरानो' ही तिथल्या प्रादेशिक सरकारच्या १९९४ च्या कायद्याने आलेली खूण आहे. ती दुकानाच्या दारावर आणि वस्तूवरही असते. सगळेच कारागीर ती लावत नाहीत, त्यामुळे खूण नाही म्हणजे माल खोटा असे मात्र समजू नये. अशा वेळी हे कोणी आणि कुठल्या भट्टीत केले, असे सरळ विचारावे. ज्याने केलेले असते तो हात धुऊन सांगायला बसतो.

आम्ही मुर्रिनाची दोन पदके घेतली. रंगीत काचेचे थर एकात एक घालून जाड कांडी करतात, ती तापवून बारीक ओढतात आणि मग तिच्या चकत्या पाडतात. अळूवडीचा उंडा कापल्यावर प्रत्येक वडीत जशी तीच गुंडाळी दिसते, तसे प्रत्येक चकतीत तेच फूल दिसते. मात्र दोन पदकांमधली फुले किंचित वाकडी-तिकडी बसलेली आहेत, आणि मला त्यातच समाधान वाटते.

सुई-दोरा
काचेचे ऐकून झाले, आता लेसचे ऐका. बुरानो बेटावर भर चौकात 'हाताची लेस' म्हणून तीस युरोला टेबलक्लॉथ मांडलेला होता. माझी आई क्रोशाच्या एका रुमालाला महिना लावत असे, त्यामुळे माझा विश्वास बसेना. त्याच चौकात लेसचे संग्रहालय आहे. १८७२ मध्ये सुरू झालेली आणि १९७० मध्ये बंद पडलेली लेसची शाळा याच इमारतीत भरत असे. आत एक आजी मांडीवर उशी घेऊन बसल्या होत्या आणि नुसत्या सुईने, खाली कापडाचा आधार नसलेले टाके घालत होत्या. या प्रकाराला 'हवेतला टाका' अशा अर्थाचेच नाव आहे. प्रत्येक बाईचा हात एखाद्याच टाक्यावर बसलेला असल्यामुळे एक तुकडा पुरा होईपर्यंत तो अनेकींच्या हातांतून फिरत असे, असे तिथे समजले. मी त्या आजींसमोर बराच वेळ उभी होते. त्यांनी चष्म्यावरून एकदा माझ्याकडे पाहिले आणि उशी जरा उजेडाकडे वळवली.

मला परवडला तो फक्त तळहातापेक्षा लहान असा एक तुकडा. पैठणी घेताना आपण आधी मागची बाजू उलटून पाहतो, तशीच सवय तिथेही कामाला आली. यंत्राच्या लेसमध्ये प्रत्येक पाकळी मोजून-मापून सारखी असते. माझ्या तुकड्यातली एकही पाकळी दुसरीसारखी नाही. तो काचेच्या चौकटीत घालून भिंतीवर लावला आहे, आणि 'हा रुमाल का टांगलास?' असे सासूबाई अजून विचारतात.

फ्रिजचे दार
आमच्याकडे गोंडोल्याचे अकरा चुंबक आहेत, त्यामुळे या धाग्यावर मी केवळ श्रोता म्हणून उपस्थित आहे.

पेणकर
मुखवट्यांचा उल्लेख अजून कोणी कसा केला नाही? व्हेनिसचा मुखवट्यांचा उत्सव, म्हणजे कार्निव्हल, १९७९ मध्ये नव्याने सुरू झाला आणि त्याबरोबर मुखवट्यांचा धंदाही वाढला, तसा प्लॅस्टिकचा मालही आला. आम्ही मुलाला घेऊन एका कार्यशाळेत बसलो होतो. प्लास्टरच्या साच्यात आतून ओल्या कागदाचे तुकडे खळीने थरावर थर बसवतात, वाळल्यावर ते काढतात, डोळे कापतात, पांढरा हात देतात आणि मग रंगवतात. कागदी लगद्याचे गणपती पाहत वाढलेल्या माणसाला हे सगळे घरचेच वाटले. ओळखायचे असेल तर मुखवटा उलटा करावा : आत कागदाच्या कडा एकमेकींवर चढलेल्या दिसतात, तो हाताला हलका आणि कोरडा लागतो, तर प्लॅस्टिकचा आतून गुळगुळीत असतो. मुलाने लांब चोचीचा प्लेगच्या डॉक्टरचा मुखवटा हट्टाने घेतला. बॅगेत चोच मोडेल म्हणून मी तो परतीच्या विमानात मांडीवर धरून बसलो, आणि शेजारच्या गृहस्थांनी तेवढ्यात जागा बदलून घेतली.

ओवणारी
पेणकर, डोळ्यांसमोर आले हो ते दृश्य!

मी सुटे काचेचे मणी आणले. काचेच्या मण्यांच्या कलेला २०२० मध्ये इटली आणि फ्रान्स यांच्या नावे युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले आहे. जुन्या छायाचित्रांत व्हेनिसच्या बायका दारात बसून लांब सुयांचा पंखा हातात धरून मण्यांच्या परातीत बुडवताना दिसतात. त्यांना 'इम्पिरारेसे' म्हणत. ते पाहून मी तयार माळ घेतली नाही. मणी इथे आणले आणि आमच्या पटवेकऱ्यांकडून रेशमात गाठवून घेतले. त्यांनी प्रत्येक मणी उजेडात धरून पाहिला आणि 'माल बरा आहे' एवढेच म्हणाले. त्यांच्या तोंडून ही मोठी पावती आहे.

डबा रिकामा
खाऊ नेणार असाल तर 'बायकोली' बिस्किटांचा डबा न्यावा. ती पातळ, कोरडी आणि टिकाऊ असतात, कारण ती मुळात लांबच्या सफरीला जाणाऱ्या खलाशांसाठी केली जात. त्यांत अंड्याचा पांढरा बलक असतो, हे न खाणाऱ्यांना आधीच सांगावे. पार्मेजान चीज व्हेनिसचे नव्हेच, शिवाय त्यात वासराच्या पोटातले विरजण वापरतात. ते मी काकूंना पराठ्यावर किसून घातल्यानंतर वाचले आणि आजतागायत त्यांना सांगितलेले नाही.

कोल्हापुरी
मखमली 'फुरलाने' सपाता मिळाल्या तर जरूर घ्या. त्यांचे तळवे जुन्या सायकलच्या टायरचे असत, आणि बोटीच्या लाकडावर ओरखडे उठत नाहीत म्हणून गोंडोलावाले त्या घालत. सासऱ्यांनी माझी जोडी उलटीपालटी करून शिवण तपासली आणि शेवटी 'चालेल' म्हणाले.

भट्टीपाशी
पुलावर चादर पसरून विकल्या जाणाऱ्या नामांकित कंपन्यांच्या नकली पिशव्या मात्र घेऊ नयेत. तिथे विकणाऱ्याबरोबर घेणाऱ्यालाही हजारो युरोंपर्यंत दंड होऊ शकतो.

शोकेसवाली
सर्वांचे आभार. मण्यांचा आणि लेसच्या लहानशा तुकड्याचा विचार पक्का केला आहे. मासा पुन्हा शोकेसमध्येच ठेवला आहे, पण भाचीच्या आग्रहावरून चिठ्ठी दिसेल असा आडवा.

फ्रिजचे दार
खोबरेल तेलाने चिकट डाग खरोखरच निघतो का? अकरांपैकी तीन चुंबकांची मागची बाजू मला तपासायची आहे.

शोकेसवाली
निघतो. रात्रभर तेल लावून ठेवावे लागते, आणि सकाळी जे दिसेल ते पाहण्याची तयारी असावी लागते.