शिकारीच अर्धा व्हॅम्पायर असेल तर भ्यायचं कुणी आणि कशाला?

कंदील

लागोपाठ तिसरी अशी कादंबरी अर्ध्यावर सोडली. नायक व्हॅम्पायरांचा शिकारी, आई माणूस, बाप व्हॅम्पायर, अंगात लांब काळा कोट आणि तोंडात दर दहा पानांना एक वाक्य. कंटाळा आला म्हणून लिहीत नाहीये. माझा आक्षेप मुळातच या पात्राला आहे.

व्हॅम्पायरकथेचा सगळा डोलारा विषम लढाईवर उभा असतो. ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला'त (१८९७) काउंटकडे वीस माणसांचं बळ आणि शतकांचा अनुभव. त्याच्यामागे लागलेले कोण? एक म्हातारा प्राध्यापक, वेड्यांच्या इस्पितळाचा डॉक्टर, नवखा वकील, एक लॉर्ड, एक अमेरिकन गडी आणि त्या वकिलाची बायको मीना. ही मंडळी लढतात कशी, तर रोजनिशा टंकलिखित करून, रेल्वेची वेळापत्रकं पाठ करून, मातीच्या पन्नास पेट्या कुठे कुठे पोचल्या त्याच्या पावत्या धुंडाळून! एकोणपन्नास सापडतात, एक निसटते, आणि त्या एका पेटीपायी पुढचा सगळा पाठलाग. शेवटी सूर्य बुडता बुडता काम फत्ते होतं तेही कुकरी आणि साध्या सुऱ्याने. (लाकडी खुंटी ड्रॅक्युलाच्या छातीत ठोकली असं आठवत असेल तर ती आठवण सिनेमाची.) एक गडी जिवाला मुकतो. ही खरी शिकार.

अर्ध्या व्हॅम्पायरला काय करावं लागतं? अंधारात दिसतं, जखमा भरतात, उन्हाचं भय नाही. बापाची इस्टेट मिळाली, कर्ज मात्र बापाच्याच नावावर राहिलं. लेखकाला माणूस जिंकवता येईना म्हणून काढलेली ही पळवाट आहे.

रातकिडा

पळवाट लेखकांनी काढली असती तर बरं होतं. ही कल्पना 'ड्रॅक्युला'तून फुटलेली नाही, बाल्कन भागातल्या लोकसमजुतींमधून आलेली आहे. तिथे मेलेला नवरा रात्री बायकोकडे परत येतो, तिला त्याच्यापासून मूल होतं, आणि त्या मुलाला इतरांना न दिसणारा व्हॅम्पायर दिसतो. त्याला म्हणतात डाम्पीर. काट्याने काटा काढायचा, इतकं साधं तर्कशास्त्र. (विधवेला उशिरा मूल झालं तर गावाला द्यायला हे उत्तर सोयीचं असणार, अशी मला दाट शंका आहे. असो.)

आणि हा डाम्पीर नायकबियक नव्हता. पैसे घेऊन काम करणारा माणूस. सदरा काढून त्याच्या बाहीतून दुर्बिणीसारखं बघायचा, सगळ्या गावासमोर रिकाम्या हवेशी झोंबायचा, गोळी झाडायचा, 'मेला' म्हणून सांगायचा आणि मोबदला घेऊन चालू लागायचा. खरंच काही मेलं का, हे गावाला कधीच कळणार नाही. मला तरी यात भीती भरपूर दिसते.

कंदील

वा, हे आवडलं. पण तुम्ही माझंच म्हणणं पुढे नेलंत. या डाम्पीरकडे फक्त दृष्टी आहे. तो भिंतीवरून धावत नाही, दोन तलवारी फिरवत नाही. आपल्याकडे पोचेपर्यंत त्याला कोट कुणी शिवून दिला?

निवडुंग

कोट शिवला कॉमिक्सने आणि त्याला बळ दिलं सिनेमाने. मार्व्हल कॉमिक्सचा व्हॅम्पायर-शिकारी ब्लेड १९७३ साली आला तेव्हा तो जवळपास माणूसच होता. बाळंतपणात आईला व्हॅम्पायर चावला, त्यामुळे चाव्याने त्याचा व्हॅम्पायर होत नसे, एवढंच त्याचं वेगळेपण. हत्यार काय, तर सागवानी सुऱ्या. अचाट ताकद १९९८च्या सिनेमात आली आणि कॉमिक्समधला ब्लेडही मागाहून तसाच झाला.

पण कर्जाबद्दल असहमत. त्याच सिनेमात त्याला रक्ताची तहान आहे. ती दाबायला औषध टोचून घ्यावं लागतं आणि त्या औषधाचा असर दिवसेंदिवस कमी होत चाललाय. हे कर्ज नाही तर काय? व्याजासकट आहे!

कंदील

आणि ते फेडतो कसा? एक बाई स्वतःहून गळा पुढे करते. ही तहान फार शहाणी असते हो, नको त्या माणसाच्या गळ्याशी कधी जात नाही.

अर्धविराम

कंदील, तुम्ही 'ड्रॅक्युला'चाच दाखला दिलात आणि मीनाला यादीच्या शेवटी 'वकिलाची बायको' म्हणून उरकलंत! काउंट तिला स्वतःचं रक्त पाजतो. प्रसादाची भाकर कपाळाला लावताच कातडी भाजते. तिथून पुढे ती अर्धी त्याचीच आहे. तो म्हातारा प्राध्यापक, व्हॅन हेल्सिंग, सूर्योदयाला आणि सूर्यास्ताला तिला संमोहित करतो, तिला लाटांचा आवाज ऐकू येतो, त्यावरून कळतं की काउंट जहाजावर आहे. पावत्या संपल्यावर शिकार चालली ती अर्ध्या व्हॅम्पायरच्या कानांवर. म्हणजे तुमच्या त्या 'खऱ्या' टोळीतही एक होतीच.

आणि भीती? 'मी पुरती बदलले तर मला मारा' अशी शपथ ती सगळ्यांकडून घेते, अगदी नवऱ्याकडूनही. अंत्यविधीची प्रार्थना जिवंतपणी स्वतःसमोर वाचून घेते. मला त्या पुस्तकात काउंटपेक्षा या प्रसंगाने जास्त हादरवलं.

माझ्या मते फरक इथे आहे. मीनाचं अर्धेपण रोज थोडं थोडं वाढतंय. आजच्या नायकांचं गोठलेलं असतं. पहिल्या पानावर अर्धा, शेवटच्या पानावरही तेवढाच अर्धा.

रातकिडा

अनुमोदन. पण गोठलेल्यातही काम करणारे आहेत. जपानी लेखक हिदेयुकी किकुचीच्या कादंबऱ्यांतला अर्धा व्हॅम्पायर शिकारी डी १९८३पासून तसाच आहे, आणि त्याच्याकडे ताकद तर भरमसाट. तिथली गंमत वेगळी: ज्या माणसांसाठी तो जीव धोक्यात घालतो, तीच त्याला जवळ करत नाहीत.

पडछाया

इतकी चर्चा झाली आणि घटोत्कचाचं नाव निघालं नाही? आई राक्षसी, बाप भीम. लहानपणी आईकडे, पांडवांना आठवण अडचणीच्या वेळी. रात्रीच्या युद्धात त्याची माया वाढते म्हणून त्याला कर्णावर सोडतात, आणि अर्जुनासाठी राखून ठेवलेली शक्ती कर्णाला त्याच्यावर खर्चावी लागते. पांडव रडत असताना कृष्ण आनंदाने नाचतो. वर अर्जुनाला सांगतो की कर्णाने मारला नसता तर मलाच मारावा लागला असता, कारण हा यज्ञांचा द्वेष्टा होता.

भीती शिकाऱ्याला बापाकडच्या रक्ताची असते, असं सगळेजण का धरून चाललेत? ज्यांच्या बाजूने लढतोय त्यांना शेवटचा व्हॅम्पायर मेल्यावर तो नकोसा होणार आहे. ती कादंबरी मला वाचायची आहे.

निवडुंग

पडछाया, दंडवत.

कंदील

मीनाबद्दल कान पकडतो, ती नजरेतून निसटली. घटोत्कचाबद्दल मात्र वाद आहे. तो मरतो, म्हणून तो माझ्या बाजूचा. डी आणि ब्लेड पुढच्या भागासाठी जिवंत ठेवावे लागतात, आणि तिथेच सगळं ढिलं पडतं. शीर्षकातला प्रश्न तसाच ठेवतोय.

रातकिड्यांचा तो बाहीतून बघणारा डाम्पीर डोक्यातून जात नाही. लिहून बघावं म्हणतो.

रातकिडा

जरूर लिहा. फक्त व्हॅम्पायर खरंच होता की नव्हता, ते सांगू नका.

कंदील

सांगणार. होता, आणि गोळी चुकली होती.