ढेकळं फोडायला रोटा (ट्रॅक्टरमागचा माती बारीक करणारा रोटाव्हेटर) मारू का थांबू?

काळी_माती_औसा:
चार एकर भारी काळी. हरभरा निघाल्यावर मार्चात पलटी नांगर घातला. आता रानात घमेल्याएवढी ढेकळं, अनवाणी चालायची सोय नाही. मृगाला सोयाबीन पेरायचंय. ट्रॅक्टरवाला रोज फोन करतो, "दादा, दोनदा रोटा मारतो, रान पिठासारखं करून देतो." गेल्या साली तेच केलं. रान इतकं देखणं झालं की मी स्टेटसला फोटो ठेवला! पेरल्यावर तिसऱ्या दिवशी जोराचा पाऊस, वर मातीची कडक पापडी धरली, निम्मं बी आतच मान मोडून बसलं. उगवलं ते सखलात पिवळं पडलं. वडील म्हणतात ढेकळाला हात लावू नको. पण शेजाऱ्यांची रानं तयार झालेली बघून जीव राहत नाही.

वखरपाळी:
वडिलांचं ऐका. तापलेलं ढेकूळ पाण्यानं आपसूक विरतं. रोहिणीचा पाऊस होऊ द्या, वापसा आला, म्हणजे माती ओलसर पण न चिकटणारी झाली, की वखराची (आडव्या पात्याच्या औजाराची) पाळी घाला. बैल नसतील तर ट्रॅक्टरचा मोगडा (फणांचं औजार) अन् मागं फळी. शेणखत शेवटच्या पाळीआधी टाका, पण कुजलेलंच. कच्चं टाकलं की हुमणीला (मुळं खाणाऱ्या अळीला) आवतण.

रानवेडा:
रोटा वरचे चार-सहा इंचच भुसभुशीत करतो, खालचा थर दरसाल घट्ट होत जातो. पाणी मुरणार कुठं? एखादं मोठं ढेकूळ फोडून बघा.

काळी_माती_औसा:
बघितलं. कुदळीनं दोन फोडली. एका बाजूनं थाळीसारखं सपाट, वर चकाकी. त्यात हरभऱ्याचं सोटमूळ सापडलं. सरळ खाली आलेलं, तिथं काटकोनात वळून आडवं गेलेलं. वडिलांना दाखवलं, ते काही बोलले नाहीत, नुसते तंबाखू मळत राहिले. रोटा रद्द. तर ट्रॅक्टरवाला आता बीबीएफचं (रुंद वरंबे अन् सऱ्या पाडत पेरणाऱ्या यंत्राचं) भाडं सांगतोय.

रानवेडा:
तोच तो घट्ट थर, मूळ त्यालाच अडलं. मग घ्याच बीबीएफ. सऱ्या उताराला आडव्या धरा, सखलातलं जास्तीचं पाणी निघायला वाट ठेवा.

काळी_माती_औसा:
त्याला ढेकळं आडवी येत नाहीत का?

वखरपाळी:
मोठी राहिली तर येतात, बी कमीजास्त खोल पडतं. म्हणून तर आधी पाळी. मुठीत मावेल एवढं ढेकूळ राहिलं तर राहू द्या, त्यानं पापडी धरत नाही. अन् ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय तिफण काय, बीबीएफ काय, रानात नेऊच नका, शेजाऱ्यानं पेरलं तरी.